भेवाचा डॉक्टर

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्या माणसाबद्दल लिहायला बसले आहे त्याची रीतच ती होती. समोरच्याला काही विचारण्याआधी आपलं सांगायचं. ते यायचे, पाण्याचा गडू हातात घेऊन ओट्यावर टेकायचे, भिंतीला पाठ लावायचे आणि म्हणायचे, "बाई, आधी माह्यं ऐका." मग जे सांगायचे ते ऐकून पहिल्या खेपेला तर मला वाटलं, हा माणूस स्वतःच औषध मागायला आला असावा.

पहिल्या खेपेचं मला शब्दन् शब्द आठवतं. "येता येता तुमच्या नाल्यापाशी एक कुत्रं बसलं होतं. मले कुत्र्याचं लई भेव वाटते. सायकल धरून मी अर्धा घंटा उभा राह्यलो. मंग एक बाई आली मोळी घेऊन, तिच्या मागं मागं आलो." चाळिशीचा माणूस, डोक्यावर टोपी, खिशाला पेन, चांद्याहून संस्थेनं पाठवलेला डॉक्टर, आणि कुत्र्याला भिऊन मोळीवालीच्या आडोशानं गावात शिरतो. मी पदर तोंडात कोंबून हसले. हसले आणि लगेच गार पडले, की आता हे रागावतील आणि संस्थेनं आम्हाला सांभाळायला दिलेली पोरगी परत नेतील.

त्या दिवसांत माझ्या मनातली प्रत्येक गोष्ट फिरून तिथेच येऊन थांबायची. भात लागला, पोरगी परत नेतील. पोरीच्या पायाला काटा रुतला, पोरगी परत नेतील. मास्तर म्हणायचे, "तुले भेव वाटाचं तरी भेव वाटते का गं?" आणि मी खरंच विचारात पडायची.

मास्तर म्हणजे माझे यजमान. त्यांची बदली सिंदेवाहीपासून पाच-सहा मैलांवरच्या एका गावी झाली होती. एका खोलीची शाळा, तिच्या मागे आमचं कौलारू घर, घरामागे विहीर, विहिरीपलीकडे धानाची खाचरं आणि ती संपली की जंगल. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. चांद्यात पोरक्या मुलांना सांभाळणारी एक संस्था होती. मुलं वाढली, जागा पुरेना, तेव्हा त्यांनी असं काढलं की चांगली घरं पाहून मुलं तिथे सांभाळायला द्यायची. दत्तक नाही, फक्त सांभाळायला. तसा कागद होता, आणि त्या कागदात एक ओळ होती की संस्थेला योग्य वाटेल तेव्हा मूल परत घेण्यात येईल. मास्तरांनी कागद घडी घालून पेटीत ठेवला आणि विसरून गेले. मला वाचता येत होतं हेच वाईट झालं. ती एक ओळ मला तोंडपाठ झाली.

आमच्याकडे आली ती मैना. सहा-सात वर्षांची असेल. आतल्या जंगलातल्या एका गावात हगवणीची साथ आली आणि आठ दिवसांत तिच्या घरची सगळी माणसं गेली. ती गोंडी बोलायची म्हणे. आमच्याकडे आल्यावर ती काहीच बोलली नाही. आतल्या खोलीत धानाची कणगी होती, तिच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन बसायची. हाक मारली की दोन डोळे दिसायचे. जेवायला यायची, जेवून परत फटीत. फ्रॉकच्या शिवणीत भाताची शितं लपवून ठेवायची, ती वाळून खडे झाली की मला धुताना सापडायची. पोरीला जवळ घ्यावं की लांब राहावं हेच मला कळत नव्हतं. जवळ गेले की ती अंग चोरायची आणि लांब राहिले की मला रडू यायचं.

अशा घरांना मदत म्हणून संस्थेनं डॉक्टर नेमले होते. ते मनाचे डॉक्टर. कुठल्याशा मोठ्या शहरातल्या वेड्यांच्या दवाखान्यात त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. महिन्यातून एकदा छोट्या रेल्वेनं सिंदेवाहीला उतरायचे, तिथे कोणाची तरी सायकल मागून घ्यायचे आणि एकेक घर करत हिंडायचे. सुई नाही, गोळी नाही, नाडी पाहणं नाही. गावातल्या बाया सुरुवातीला पोरं कडेवर मारून ओट्याशी उभ्या राहिल्या, खोकल्याचं औषध मिळेल म्हणून. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "तुमाले भेव कायचं वाटते?" बाया तोंडाला पदर लावून पळाल्या. त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव पडलं भेवाचा डॉक्टर.

आमचा पाटील एकदा मिशीवर हात फिरवत म्हणाला, "भेव कायचं म्हंता? वाघाचं! परवाच खाचरात पंजे दिसले." डॉक्टर म्हणाले, "वाघाचं तं सगळ्याइलेच वाटते पाटील, ते सांगाले काय लागते? जे सांगाची लाज वाटते ते सांगा." पाटील उठून गेला तो परत आमच्या ओट्यावर दिसला नाही.

त्यांच्या तऱ्हा सांगायला बसले तर खूप आहेत. जेवायचं विचारलं की म्हणायचे, "पोरगी जे खाते ते द्या, आन् ती खाते तेवढंच द्या." मैना कण्या खायची, चार घास. एवढा उंचापुरा माणूस चार घास कण्या खाऊन पाच मैल सायकल मारत जायचा. मैनेशी ते बोलत नसत, तिच्याकडे पाहतसुद्धा नसत. खिशातून चिंचोके काढायचे आणि आतल्या खोलीच्या दारापासून कणगीपर्यंत एक-एक ठेवत जायचे, मग येऊन ओट्यावर बसायचे. निघायच्या वेळी चिंचोके नाहीसे झालेले असायचे. सहा महिन्यांनी एकदा दारातच चार चिंचोके परत मांडलेले सापडले. ते पाहून डॉक्टरांनी डोळ्यांना हातरुमाल लावला.

हा हातरुमाल म्हणजे आणखी एक तऱ्हा. प्रत्येक घरासाठी वेगळा रुमाल होता त्यांच्याजवळ. आमच्या घरचा निळ्या काठाचा. आपली एक गोष्ट सांगून झाली की त्याला एक गाठ मारायची. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "या घरी काय सांगतलं ते ध्यानात राहाले पाह्यजे. एका घरचं भेव दुसऱ्या घरी न्याचं नसते बाई. माह्यं असलं तरी न्याचं नसते."

पण लोक न्यायचेच. पलीकडच्या गावात एका शेतकऱ्याकडे संस्थेचा एक मुलगा होता, नऊ वर्षांचा, रात्री अंथरुणातली वाकळ ओली करायचा. शेतकरी तापट, त्यानं एके दिवशी पोरावर बैलाची तुतारी, टोकाला आर असलेली काठी, उचलली होती. तो बाजारात भेटला तेव्हा मास्तरांना हसत हसत सांगू लागला, "मास्तर, तो डॉक्टर म्हणे का मी बी तेरा वर्षाचा होयेपर्यंत वाकय ओली करो! माहा बाप सकाळी ओली वाकय माह्या डोक्यावर देऊन गावातून फिरवे म्हणे! असं म्हणून तो मानूस रडाले लागला ना जी माह्या घरी! मी तुतारी ठेवून देली. आता कायले मारतो?" दहा माणसं ऐकत होती, सगळी हसली. डॉक्टरांच्या कानावर गेलं असणारच. त्यांनी त्या शेतकऱ्याला शब्दानं विचारलं नाही. हे मी इथे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे माझ्या हातून जे झालं त्याला मी बरेच दिवस हेच निमित्त पुढे करत होते: लोक सांगतातच की, मीही सांगितलं.

आणि त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे विहीर. आमच्या घरी यायची सरळ वाट मागच्या बाजूनं होती, विहिरीवरून. डॉक्टर त्या वाटेनं कधी आले नाहीत. सायकल खांद्यावर घेऊन खाचराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, काट्याच्या कुंपणातून, शाळेला वळसा घालून यायचे. सदऱ्याला दर खेपेला एक नवी फाट. पोरं खिदळायची. मला वाटलं असेल काही सोवळ्याओवळ्याचं. कुत्र्याचं भय सांगितलं, रेल्वेच्या पुलाचं सांगितलं, कागदावर सही करताना हात कापतो हेही सांगितलं. विहिरीबद्दल मात्र वर्षभर त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं.

आता माझं सांगते. याआधी मी हे कागदावर कधी लिहिलेलं नाही.

चैत्र होता. भर दुपारी मी पाणी ओढत होते. मैना तोवर फटीतून बाहेर यायला लागली होती, माझ्यापासून चार हात अंतर ठेवून मागे मागे फिरायची. त्या दिवशी ती विहिरीच्या काठावर ओणवी होऊन आत पाहत होती. विहिरीला कठडा असा नव्हताच, गुडघाभर उंचीचे दगड रचलेले. मी तिच्या मागे उभी. आणि माझ्या मनात आलं, हिला ढकललं तर.

राग नव्हता. तिनं काही केलं नव्हतं. उलट त्या सकाळी पहिल्यांदा तिनं माझ्या हातून केस विंचरून घेतले होते. मनात आलं, एवढंच. पण ते आलं आणि गेलं नाही. माझे दोन्ही हात मला माझे वाटेनात. मी दोर सोडला, बादली धाडकन खाली गेली, पोर दचकून मागे झाली आणि मी घरात पळत येऊन आतून कडी लावून घेतली. बाहेर पोरगी उन्हात उभी आणि आत मी, हात मांडीखाली दाबून बसलेली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मैना जवळ आली की मी हात पदरात गुंडाळायची. विळीवर बसायचं सोडलं. पाणी आणायला शेजारणीला सांगायची, पाठ दुखते म्हणून. पोर आता कुठे जवळ यायला लागली होती आणि मी तिला दुरूनच "जा तिकडं" म्हणायला लागले. ती परत फटीत जाऊन बसली. मास्तरांना काय सांगणार? संस्थेला काय सांगणार? वांझ बाईनं परकं पोर घरी आणलं आणि तिच्या मनात पोर विहिरीत लोटायचं येतं, हे ऐकल्यावर गाव काय म्हणेल? पेटीतला तो कागद मला झाकणातून दिसायचा. मला वाटायचं आपण वेड्या होत आहोत, आणि त्याहून मोठं भय हे की आपण वेड्या झालेलो नाही, आपण मुळातच अशा आहोत.

डॉक्टर आले ते त्यांच्या नेहमीच्या वाटेनं, कुंपणातून. गडू दिला तो मी डाव्या हातानं, पदरातून. ते बसले. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी हात मांडीखाली घेतले होते. मास्तर शाळेत होते, पोरांचे पाढे ऐकू येत होते. मैना बाहेर कुठेतरी असेल असं मी धरून चालले होते.

"बाई," ते म्हणाले, "आज एक जुनं सांगतो. हे मी कोण्याच घरी सांगतलं नाई."

त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी होती. भाऊ-भावजय देवीच्या साथीत गेले आणि अडीच वर्षांची ती पोर यांच्याकडे आली. लग्न झालेलं नव्हतं, नोकरी दवाखान्यात. पोरीला स्वतः न्हाऊ-माखू घालायचे.

"एक दिस विहिरीवर तिले आंघोळ घालून राह्यलो होतो. आन् एकदम मनात आलं, हिले सोडून देलं आत तं? काऊन आलं? मले अजून समजलं नाई. पोरीवर माहा लई जीव. मंग रोज याले लागलं. मी डॉक्टर, बाई! लोकाइच्या मनाचं औषध करो, आन् माह्या हाताले मी फडकं बांधून बसो. कोणाले सांगू? सांगतलं तं पोरगी नेतीन. नाई सांगतलं. झोप गेली, जेवण गेलं. शेवटी ज्या दवाखान्यात मी काम करत होतो, तिथीच मले आत ठेवलं. जाळीच्या तिकून. चार महिने."

"आन् पोरगी?" मी विचारलं.

"तिले कायी झालं नाई. मी तिले बोट बी लावलं नाई. ती दुसऱ्या नातलगाइकडं गेली. आता मोठी झाली. मले ओळखत नाई." त्यांनी रुमाल काढला आणि गाठ मारायला घेतली, पण त्यांच्या बोटांना ती जमेना. "मी चुकलो ते एकच. सांगतलं नाई. नंतर समजलं, असं लई लोकाइच्या मनात येते. लेकुरवाळ्या बायाइच्या बी येते. ज्याले ढकलाचं असते त्याले असं भेव वाटत नाई बाई. भेव वाटते तो ढकलत नाई."

मी मांडीखालून हात काढले आणि त्यांच्यासमोर धरले. "मले बी," एवढंच मला बोलता आलं. मग बाकीचं सगळं आलं. हुंदके देऊन रडले मी, पदर ओला झाला. डॉक्टर माझ्याकडे न पाहता आतल्या खोलीकडे पाहत होते.

रडून झाल्यावर म्हणाले, "चाला, पाणी भरू."

"नाई. मी नाई येत तिथी."

"मी बी कुठी जातो? अठरा वर्षं झाले, मी विहिरीजवळ गेलो नाई. आज जाऊ. पोरीले घ्या संगं."

मैनेला हाक मारली तर ती लगेच आली. आम्ही तिघं मागच्या दारानं निघालो. डॉक्टरांचे पाय इतके कापत होते की धोतराचा सोगा हलत होता. विहीर दहा पावलांवर राहिली तेव्हा ते थांबले, टोपी काढली, परत घातली आणि चालू लागले. पोर काठाशी उभी राहिली. मी तिच्या मागे. डॉक्टरांनी दोर माझ्या हातात दिला, खालचं टोक आपण धरलं, आणि दोघांनी मिळून एक बादली वर ओढली. एका बादलीला आम्हाला किती वेळ लागला! अर्धं पाणी सांडलं. आणि तेवढ्यात मैनेनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं.

तेव्हापासून विहिरीवर मी कधी एकटी गेले नाही. दोर हातात घेतला की पोरगी कुठूनही धावत यायची आणि पदर धरून उभी राहायची. मला वाटायचं, पाण्याला भिते बिचारी. ते मनात येणं एकदम थांबलं नाही, पण यायचं आणि जायचं. पावसाळ्याच्या आत मैना मला माय म्हणायला लागली.

धान कापून झाल्यावर संस्थेच्या सचिवबाई आल्या, जीपमधून. पांढरं स्वच्छ लुगडं, चष्मा, मांडीवर फाइल. वाईट बाई नव्हत्या. दर वर्षी सांभाळाचा कागद नवा करायचा असे, त्यासाठी घरं पाहत हिंडत होत्या. मैनेचं वजन पाहिलं, केस पाहिले, समाधानानं मान हलवली. मग म्हणाल्या, "डॉक्टर नियमित येतात ना? काय उपयोग होतो त्यांचा? औषधं तर काही देत नाहीत, अशी तक्रार आहे."

मला भय वाटलं, की आता यांना काढतील. त्यांची बाजू घ्यायला हवी. मी घाईघाईनं बोलू लागले. "असं नका म्हणू बाई. त्यायच्यासारखा डॉक्टर नाई. ते उगीच पुस्तकातलं सांगत नाईत. त्यायनं स्वतः भोगलं आहे. ते स्वतः चार महिने वेड्याइच्या दवाखान्यात आत होते, पोरीच्या पायी!"

मी हे कौतुकानं सांगितलं. अंगावरचे वळ दाखवावे तसं अभिमानानं. सचिवबाईंचं पेन थांबलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं, कारण ते मी रोज आरशात पाहत होते. बाई घाबरल्या होत्या. "पोरीच्या पायी म्हणजे?" त्यांनी विचारलं. मी तेव्हा कुठे तोंड मिटलं. उशीर झाला होता.

पंधरा दिवसांनी सिंदेवाहीला एका भातगिरणीच्या ओसरीवर बैठक बोलावली. सांभाळणारी सगळी घरं हजर. तो तापट शेतकरीही होता. डॉक्टर एका बाजूला स्टुलावर बसलेले, टोपी गुडघ्यावर. त्यांची वही सचिवबाईंच्या हातात होती. त्या वहीत ते प्रत्येक खेपेला दोन-तीन शब्दच लिहायचे.

"आपण रुग्ण होतात हे खरं?"

"खरं आहे."

"आणि हे सांभाळणाऱ्या लोकांना सांगत होतात? डॉक्टरनं स्वतःचं खाजगी असं लोकांच्या घरी सांगायचं असतं का?"

"नसते सांगाचं, असं मले बी शिकवलं होतं," डॉक्टर म्हणाले. "मी सांगतलं."

तापट शेतकरी उठून म्हणाला, "मानूस चांगला आहे जी, राहू द्या त्याले." कोणी लक्ष दिलं नाही. सचिवबाईंनी वहीचं एक पान उघडलं. "मास्तरांच्या घराच्या नावापुढे लिहिलं आहे: विहीर, मूल, भीती. ही भीती कोणाची? हे मला समजलंच पाहिजे. त्या बाईंची असेल, तर मूल आज, आत्ता परत घ्यावं लागेल."

मैना माझ्या मांडीशी बसली होती. माझे हात पदराखाली गेले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. ते खरं बोलले असते तर निदान इतकं तरी सिद्ध झालं असतं, की त्यांनी उगीच काही सांगितलं नव्हतं, एका बाईला बुडता बुडता वर काढलं होतं. मी मनात म्हणत होते, बोल, आता तू बोल, तुझं आहे ते. पण मी बोलले नाही.

"माही," डॉक्टर म्हणाले. "विहिरीचं भेव माह्यं आहे. मी त्या घरी कधीच विहिरीवरून जात नाई, गावाले विचारा. त्या बाईले कायी भेव नाई."

गावाला विचारायची गरज पडली नाही, ते सगळ्यांना माहीतच होतं. कागद नवा झाला. डॉक्टरांना त्याच दिवशी मोकळं केलं. माफी मागायला म्हणून मी त्यांना गिरणीच्या दारात गाठलं. त्यांनी खिशातून निळ्या काठाचा रुमाल काढून माझ्या हातात दिला, गाठी तशाच. "तुमच्या घरचा आहे," म्हणाले. "बाई, पाणी रोज भरत जा." आणि रेल्वेकडे चालते झाले. त्यानंतर ते कोणालाच दिसले नाहीत. कोणी म्हणे अहेरीकडे गेले, कोणी म्हणे परत आत ठेवलं. मी चौकशी केली नाही. चौकशीचंही मला भय वाटलं.

पुढे दोन-तीन वर्षांत ती संस्थाच बंद झाली आणि मैना आमची झाली. ती विचारायची, "माय, डॉक्टर काऊन येत नाई आता?" मी सांगायची, बदली झाली. तिचं लग्न होईपर्यंत बदली, नातवंडं होईपर्यंत बदली.

मास्तर गेल्यावर मी ऊर्जानगरला तिच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. जावई वीज केंद्रात आहेत. इथे विहीर नाही, स्वयंपाकघरात नळ आहे, आणि नळाखाली बादली भरताना अजून माझा हात एखाद वेळी थांबतो. मागच्या महिन्यात पेटी आवरताना मैनेला तो रुमाल सापडला. "कायच्या गाठी आहेत ह्या, माय?" आणि काय झालं कोण जाणे, मी तिला खाली बसवलं आणि म्हटलं, "आधी माह्यं ऐक." सगळं सांगितलं. तिच्या मागे उभी असताना माझ्या मनात काय आलं ते, भातगिरणीच्या ओसरीवर मी गप्प कशी बसले ते. सांगताना हात मांडीखाली गेले होते. वाटलं, इतकी वर्षं भीत होते ते आज होणार. ही उठेल आणि जाईल.

ती उठली नाही. रुमाल हातावर फिरवत म्हणाली, "मले माहीत आहे. मी त्या दिवशी कणगीमागंच होती. डॉक्टरनं मले पाह्यलं होतं, तरी ते बोलत राह्यले."

चाळीस वर्षं ही पोर हे जाणून होती, तरी माझ्या घरात जेवली, माझ्या शेजारी निजली. शेवटी मी एवढंच विचारलं, की मग माझ्यासंगं विहिरीवर काऊन येत होती? भेव नाई वाटलं?

"डॉक्टरचे पाय कापून राह्यले होते, तरी ते आले ना," मैना म्हणाली. तिनं माझे हात मांडीखालून काढून आपल्या हातात घेतले. "मी पदर धरो तो तू ढकलशीन म्हून नाई, माय. तू भेशीन म्हून."